कोणाच्या कानाने?

'एमपीथ्रीने गाण्याचा आत्मा हिरावून घेतला' हे वाक्य साहित्याच्या चर्चासत्रांतून इतक्या वेळा ऐकले आहे की वक्ता त्या वळणावर आला की माझे लक्ष आपोआप चहाच्या किटलीकडे जाते. वाक्य भारदस्त आहे. त्यात यंत्रयुगाचा निषेध आहे, हरवलेल्या समग्रतेबद्दलची हळहळ आहे, आणि मुख्य म्हणजे ते उच्चारणाऱ्याला एमपीथ्री म्हणजे नेमके काय हे ठाऊक असण्याची गरज नाही. याच्या उलट बाजूला दुसरी मंडळी आहेत. ती विचारतात, जे कानाला कळतच नाही ते वगळले तर बिघडले काय? या प्रश्नात पहिल्या विधानापेक्षा अधिक सत्य आहे आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. मला भांडायचे आहे ते या दोघांशी. पण त्याहून अधिक आपल्याशी, म्हणजे मराठीच्या विभागांत बसून लोकसाहित्याचे संकलन, संपादन आणि अध्यापन करणाऱ्यांशी. या भांडणाला नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याचा माझा एक अनुभव कारण आहे. तो पुढे सांगतो. त्याआधी थोडे तंत्र समजून घेणे भाग आहे. कंटाळा आल्यास क्षमा असावी. मात्र परिच्छेद गाळू नयेत, कारण हा लेख गाळण्याबद्दलच आहे.

सीडीवर आवाजाचे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतले जाते. प्रत्येक मोजमापाला १६ बिट, आणि डावी व उजवी अशा दोन वाहिन्या. म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट लागतात. एमपीथ्रीची एके काळी सर्वाधिक रूढ असलेली फाइल हेच काम १ लाख २८ हजार बिटांत करते. अकरा भागांतले दहा गेले, एक उरला. आणि तरीही बहुतेकांना बहुतेक वेळा फरक कळत नाही. या किमयेत गणिताचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा कानाच्या अभ्यासाचा आहे.

फाइल लहान करण्याच्या, म्हणजे संकोचनाच्या, दोन रीती आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली रीत पुनरुक्ती काढण्याची. तीच गोष्ट दहादा आली असेल तर ती एकदा लिहायची आणि 'दहा वेळा' अशी खूण करायची. ही खूण उलगडली की मूळ जसेच्या तसे, बिटाला बिट जुळवून, परत मिळते. संगणकावरची झिप फाइल या जातीची. आवाजासाठी २००१ पासून उपलब्ध असलेली 'फ्लॅक' ही पद्धतही याच जातीची. तिने फाइल साधारण निम्म्यावर येते, फार तर त्याच्या थोडी खाली. दुसरी रीत अप्रस्तुत काढण्याची. इथे जे जाते ते मुळात आवाजात असते, पुनरुक्तही नसते; ते ऐकणाऱ्याला जाणवणार नाही एवढ्याच कारणाने जाते, आणि गेले की परत येत नाही. एमपीथ्री प्रामुख्याने या दुसऱ्या जातीची आहे.

जाणवणार नाही हे ठरवले कसे? त्यासाठी शंभर वर्षांचे श्रवणशास्त्र कामाला आले. जत्रेत ढोल घुमत असताना शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या पैंजणांचा नाद आपल्याला ऐकू येतो, पण ढोलाच्याच पट्टीजवळचा एखादा मंद स्वर मात्र ऐकू येत नाही. तो झाकोळला जातो. जोरकस आवाज आपल्या आसपासच्या वारंवारतांना झाकतो, आणि खालच्यांपेक्षा वरच्यांना अधिक झाकतो. हा झाकोळ काळातही पसरतो. थाप पडून गेल्यावर शंभरएक मिलिसेकंद कान पुरता जागेवर नसतो. आणि आश्चर्य असे की थापेच्या आधीचे काही मिलिसेकंदही ती थाप मागे जाऊन पुसते. बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर यांनी १९४० मध्ये कान आवाजाची विभागणी पट्ट्यापट्ट्यांनी करतो हे मांडले. एबरहार्ड झ्विकर यांनी १९६१ मध्ये अशा २४ पट्ट्यांचे कोष्टक दिले. एमपीथ्रीचा एन्कोडर हे सारे कोष्टक पदरी बाळगून असतो. तो 'आवाज फेकून देतो' असे सर्रास म्हटले जाते ते अर्धवट आहे. तो प्रत्येक पट्ट्यातले मोजमाप शक्य तितके खडबडीत करतो. खडबडीत मोजमापातून एक खरखर उपजते. ती खरखर मूळ आवाजाच्या झाकोळात नेमकी लपेल एवढीच ठेवणे, हे त्याचे कौशल्य. म्हणजे या फाइलीत काही गेलेले असते तसेच काही नव्याने आलेलेही असते. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे तोच अडचणीत आणणार आहे.

डोळ्यांबाबतही हेच. दिसण्यातला उजेड-अंधाराचा तपशील डोळा बारकाईने टिपतो, रंगाचा तपशील ढोबळपणे. रंगीत दूरचित्रवाणीच्या आरंभकाळापासून, १९५० च्या सुमारापासून, अभियंत्यांनी ही उणीव वापरली आहे. आजच्या बहुतेक चित्रफितींत उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूला असते, रंगाची मात्र चार बिंदूंत मिळून एक. १९९२ च्या जेपेग मानकाने चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येकातली सूक्ष्म कंपने आधी बोथट करण्याची रीत पक्की केली. तिच्या मुळाशी असलेले गणिती रूपांतर १९७४ मध्ये मूळचे बेंगळुरूचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह मांडले होते. (आपल्या घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये रोज शेकडो वेळा वापरल्या जाणाऱ्या या गणिताचा कर्ता आपल्या पाठ्यपुस्तकांत मला तरी कधी भेटला नाही. असो.) अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीची एखादी चित्रफीत मोबाइलवर पाहावी. नवस फेडणाऱ्या बुध्यांच्या काळ्या अंगावरचे पांढरे ठिपके स्वच्छ दिसतात, कारण तो उजेड-अंधाराचा भेद. त्यांच्या मागच्या बायकांच्या गळ्यांतले बारीक रंगीत मणी मात्र एकमेकांत विरघळून एक लालसर पट्टा होतात. आणि होळीच्या उजेडापलीकडे नाचणारी माणसे काळोखाच्या चौकोनी ठोकळ्यांत बुडतात. पाहणाऱ्याचे अडत नाही. मण्यांची वीण अभ्यासणाऱ्याचे अडते.

आता आत्म्याचा प्रश्न. सिद्धान्तप्रेमी मित्र म्हणतात की हा कान युरोपीय आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये बसून काही गोऱ्या अभियंत्यांनी ठरवलेली श्रवणाची कल्पना जगावर लादली गेली आहे. हे मला मान्य नाही. कानातल्या शंखाकृती पोकळीची रचना एर्लांगेनमध्ये आणि धानोऱ्यात एकच आहे. झाकोळ जात पाहून पडत नाही. शिवाय या अभियंत्यांचे एक ऋण मान्य करायला हवे: त्यांनी माणसांना बसवून ऐकवले आणि विचारले. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांच्या सुरुवातीच्या एन्कोडरवर सुझान व्हेगा या गायिकेचे साथीविना गायलेले 'टॉम्स डायनर' हे गाणे कसे बिघडले आणि ते दुरुस्त करण्यासाठी ते पुनःपुन्हा कसे ऐकले गेले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. साथ नसलेला एकटा आवाज संकोचनाला सर्वांत अवघड, कारण खरखर लपवायला त्यात आडोसाच नसतो. कॅस्टनेटसारख्या लाकडी चिपळ्यांचा टणत्कारही असाच अवघड. त्यात खरखर टणत्काराच्या आधीच पसरते आणि भुतासारखी आधी ऐकू येते. या साऱ्या कसोट्यांतून १९९३ मध्ये मानक प्रसिद्ध झाले. पुढे श्रवणचाचणीचे आंतरराष्ट्रीय नियम ठरले. श्रोत्यापुढे मूळ आणि संकोचित दोन्ही ठेवायचे, कोणते कोणते हे त्यालाही सांगायचे नाही आणि ऐकवणाऱ्यालाही ठाऊक नसावे. मग पाचांच्या मापावर गुण द्यायचे, 'फरक जाणवत नाही'पासून 'फार त्रासदायक'पर्यंत.

जोनाथन स्टर्न यांनी २०१२ च्या आपल्या ग्रंथात या इतिहासाची मुळे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकन टेलिफोन व्यवसायापर्यंत नेली आहेत. तारा तेवढ्याच, बोलणारे अधिक; तेव्हा किती आवाज दिला म्हणजे ग्राहकाचे भागेल, या व्यापारी प्रश्नातून श्रवणशास्त्राला पैसा मिळाला. हा भाग आपल्या मित्रांना आवडतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष 'म्हणून तंत्र खोटे' असा नसून 'म्हणून तंत्राचा उद्देश ओळखा' असा आहे. 'भागेल' हा शब्द महत्त्वाचा. कोणाचे भागेल, कशासाठी भागेल?

आणि भागते, हेही खरे. सातपुड्यातून ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जाणारी कुटुंबे जेव्हा साध्या मोबाइलवरून मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांशी बोलू लागली, तेव्हा तो आवाज सेकंदाला जेमतेम १२ हजार बिटांत बसवलेला होता. सीडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. हे शक्य झाले, कारण त्या पद्धतीने बोलणाऱ्याच्या घशाचे आणि तोंडाच्या पोकळीचेच एक गणिती प्रतिरूप करून केवळ त्याच्या हालचाली पाठवल्या. आईचा आवाज आईचाच वाटला. त्याला आत्मा गेलेला आवाज म्हणणारा माणूस कधी परगावी राहिला नसावा. अर्थात त्या फोनपुढे पावरी वाजवली तर ती घुसमटते. ते प्रतिरूप समोर येईल त्या आवाजाला कोणाच्या तरी तोंडचे बोलणे समजते. आणि फोनमध्ये गोंगाट दाबणारी सोय असली तर एकसारखा लांबवलेला सूर हा पंख्याचा किंवा इंजिनाचा आवाज समजून दाबला जातो. यात कोणाचा कट नाही. त्या यंत्राला पावरीबद्दल कोणी विचारलेच नव्हते.

आता धानोरा. २००८ च्या उन्हाळ्यात मी तिथे एका वृद्ध भिल बाईंची लग्नातली गाणी ध्वनिमुद्रित केली. तीन दिवस, रोज सकाळी, त्यांच्या ओसरीवर. माझ्याकडे उसना आणलेला डिजिटल रेकॉर्डर होता आणि त्यात एक जीबीचे एकच कार्ड. असंकोचित, दोन वाहिन्यांचा आवाज तासाला सुमारे ६३५ एमबी जागा खातो. म्हणजे दीड तासात कार्ड भरे. रात्री मुक्कामी परतून मी त्या फाइली ६४ किलोबिटांच्या एमपीथ्रीत बदलत असे, त्यातले 'अनावश्यक' भाग कापत असे, आणि मूळ पुसून दुसऱ्या दिवशीसाठी कार्ड मोकळे करत असे. एके दिवशी रेकॉर्डरची बॅटरी संपली तेव्हा उरलेली तीन गाणी मोबाइलवर घेतली. हेडफोन लावून तपासले होते. स्वच्छ ऐकू येत होते. शब्द कळत होते. आणि मला, मराठीच्या प्राध्यापकाला, शब्दच हवे होते. गाणी देवनागरीत उतरवली, अर्थ दिला, लेख छापून आला. त्या बाई पुढे चार वर्षांनी वारल्या.

२०१९ मध्ये एका भाषावैज्ञानिक मैत्रिणीने त्या फाइली मागितल्या. भिलीत 'स'च्या जागी 'ह' येण्याची प्रवृत्ती आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ च्या भिली-खानदेशी खंडातही तिची नोंद सापडते. मैत्रिणीचा प्रश्न त्यापुढचा होता. तो 'ह' स्वतंत्र व्यंजन म्हणून उच्चारला जातो, की शेजारच्या गुजरातीत आढळते तसा त्याचा केवळ श्वास स्वरात मिसळतो आणि स्वरच घोगरट, हवेशीर होतो? गुजरातीत 'बारा' आणि 'बाहेर' या अर्थांच्या दोन शब्दांतला भेद बोलण्यात एवढ्यावरच तोललेला असतो. हे कानाने ठरवता येत नाही, मोजावे लागते. आवाजाच्या पायाभूत कंपनाचे बळ त्याच्या दुपटीच्या कंपनाच्या तुलनेत किती, आणि वरच्या पट्ट्यांत स्वरांच्या आडून श्वासाची खरखर किती, ही ती दोन मोजमापे.

मोबाइलवरची तीन गाणी पहिल्याच फटक्यात बाद झाली. दूरध्वनीचा पट्टा साधारण ३०० ते ३४०० कंपनांचा. त्या बाई खालच्या सुरात गात, त्यांचे पायाभूत कंपन बहुतेक वेळ त्या पट्ट्याच्या खालीच राहिले होते. ऐकणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही, कारण वरच्या कंपनांवरून आपला मेंदू खालचे कंपन स्वतःच भरून काढतो. मापनयंत्राला मेंदू नसतो. एमपीथ्रीतली गाणी उघडली तेव्हा वरचे पट्टे कुठे रिकामे, कुठे तुकड्यातुकड्यांनी भरलेले निघाले. मैत्रीण बराच वेळ पडद्याकडे पाहत बसली आणि म्हणाली, "हा श्वास त्यांचा आहे की तुझ्या एन्कोडरचा, मला सांगता येणार नाही."

यात एन्कोडर चुकला नाही. त्याला जे सांगितले होते ते त्याने चोख केले: माणसाच्या कानाला फरक कळू नये. माझ्या कानाला तो कळला नाही. मी त्याला ऐकण्याच्या कामासाठी दिलेली प्रत जतनाच्या पेटीत ठेवली, हा गुन्हा माझा. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे म्हणणे या बाबतीत स्पष्ट आहे: जतनाची प्रत असंकोचित असावी, किमान ४८,००० मोजमापे आणि २४ बिट. मी ते वाचले नव्हते. मला ते वाचायला कोणी सांगितले नव्हते. लोकसाहित्याच्या संशोधनपद्धतीवरची जी पुस्तके मी विद्यार्थ्यांना लावतो त्यांत निवेदकाशी आपुलकीने कसे बोलावे यावर प्रकरण आहे, फाइल कोणत्या स्वरूपात ठेवावी यावर ओळ नाही.

मात्र एवढ्यावर थांबलो तर हा लेख मेमरी कार्डावरचा होईल. माझे खरे म्हणणे असे की मराठी साहित्यव्यवहार संवेदनाधिष्ठित संकोचन एमपीथ्रीच्या कितीतरी आधीपासून करत आला आहे, आणि तेही श्रवणचाचणी न घेता.

देवनागरीचेच पाहा. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा. 'चार' ही संख्या आणि 'चार' ही गुराला घास देण्याची आज्ञा. उच्चार वेगळे, लेखन एकच. लिपीने हा भेद गाळला, कारण मराठी वाचक तो संदर्भाने आपोआप भरून काढतो. हे उत्तम संकोचन आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हीच लिपी, हाच 'आपोआप भरून काढणारा' वाचक गृहीत धरून, आपण भिली, पावरी, मावची गाण्यांवर चालवतो तेव्हा. तिथे भरून काढणारा वाचक पुण्या-नाशकाचा असतो. तो जे भरतो ते मराठी असते. धानोऱ्याच्या गाण्यांत मी 'ह' लिहिला तेव्हा व्यंजन की श्वास हा प्रश्नच मी निकालात काढला होता. एन्कोडरने केवळ माझ्या निकालावर शिक्का मारला.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर. आपल्या लोकगीतसंग्रहांतून 'पुनरावृत्ती वगळली आहे' अशी टीप किती वेळा आढळते ते आठवावे. वरवर ही पहिल्या जातीची, निरुपद्रवी गाळणी दिसते: तीच ओळ दहादा, एकदा छापली, कागद वाचला. पण ज्याने गाणे ऐकले आहे त्याला ठाऊक असते की तिसऱ्या वेळी ओळ येते तेव्हा नाव बदललेले असते, पाचव्या वेळी एक स्वर लांबतो कारण नवरदेवाकडची बाई मध्येच हसते, सातव्या वेळी दुसरी बाजू ती ओळ उचलते. ही पुनरुक्ती नव्हे. जे आपल्याला अप्रस्तुत वाटले त्याला आपण पुनरुक्ती म्हटले, आणि दुसऱ्या जातीची, परत न येणारी गाळणी पहिल्या जातीच्या नावाखाली खपवली. अभियंता असा घोटाळा करत नाही. काय परत येईल आणि काय येणार नाही याचा हिशेब त्याला मानकातच मांडावा लागतो. आपल्या संपादकांना तो प्रस्तावनेतही मांडावा लागत नाही.

साधने नव्हती ही सबब साने गुरुजींना शोभते. १९४० च्या आसपास स्त्रियांच्या ओव्या गोळा करताना त्यांच्या हाती वही आणि पेन्सिलच असणार. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणालाही ती काही अंशी लागू आहे. उधळ्या पुत्राची एकच बायबलकथा बोलीबोलीत उतरवून घ्यायची, हा मोठाच संकोच होता. तरी त्याच सर्वेक्षणासाठी १९१३ पासून ग्रामोफोनच्या तबकड्याही मुद्रित झाल्या आणि आज त्या ऐकता येतात, हे विसरू नये. आपल्याच महाराष्ट्रात गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल त्यात आले आणि काही हजार ओव्यांचे डिजिटल फितींवर ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी'ने त्या ओव्या गाणाऱ्यांच्या आवाजासह, नावागावासह लोकांपुढे ठेवल्या. तिथे ऐकायची प्रत वेगळी आणि जपायची वेगळी, ही शिस्त शक्य आहे हे दिसते. एवढे प्रचंड काम होऊनही लाखातल्या काही हजारांनाच आवाज मिळाला. बाकीच्या ओव्या आपल्याकडे कागदावर आहेत.

आज सबब उरलेली नाही. हिशेबच करू. जतनाच्या दर्जाचा, एका वाहिनीचा आवाज तासाला सुमारे ५१८ एमबी. विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये असते तसल्या ६४ जीबीच्या कार्डावर असे सव्वाशेच्या आसपास तास मावतात. पीएच.डी.च्या कोणत्या लोकगीतसंशोधकाने सव्वाशे तास मुद्रण केले आहे? तरीही आपल्या विभागांत लोकसाहित्यावरचा प्रबंध दाखल होतो तेव्हा परिशिष्टात गाण्यांचे मराठीकरण केलेले पाठ असतात आणि आवाजाची सक्ती नसते. मी परीक्षक म्हणून ज्या प्रबंधांवर सह्या केल्या त्यांत एकाही विद्यार्थ्याला मी 'मूळ फाइल दाखव' म्हटलेले नाही. काही मौखिक परीक्षांत मी मोबाइलवरची चित्रफीत पाहून मान डोलावली आहे. समाजमाध्यमावर एकदा चढवून पुन्हा उतरवलेली, म्हणजे दोनदा-तीनदा पिळून निघालेली फीत. प्रत्येक पिळणीत एन्कोडर समजतो की हाच मूळ आवाज; मागच्या पिळणीची खरखरही तो इमानेइतबारे जपू पाहतो आणि तिच्यात आपली भर घालतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. तो असा की श्वासाची मोजमापे ही भाषावैज्ञानिकांची चैन आहे. साहित्याच्या माणसाला अर्थ पुरे. मला विचारावेसे वाटते, अर्थ कुठे संपतो हे कोणी ठरवले? वृत्त, यमक, नाद यांवर आपण वर्षभर तास घेतो. मर्ढेकरांच्या लयीची चर्चा करताना एका मात्रेवरून वाद घालतो. तोच सूक्ष्मपणा भिली गाण्याच्या वाट्याला येताच चैन ठरतो आणि 'आशय' पुरेसा होतो. वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड'मधली (१९८७) 'स्टेज' ही कविता आपण भावुक होऊन वाचतो. त्या कवितेतला व्यासपीठावर न बोलावला गेलेला समूह आपल्या ध्वनिमुद्रणांतूनही ६४ किलोबिटांतच बोलतो, हे आपल्या गावी नसते.

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. लोकसाहित्याच्या प्रबंधासोबत असंकोचित ध्वनिमुद्रण दाखल झाले नाही तर तो स्वीकारू नये. ऐकायला, वाटायला, वर्गात लावायला हवी तितकी एमपीथ्री करावी. माझी ना नाही. आणि पाठ पक्का करण्याआधी तो ज्यांचा आहे त्यांना ऐकवावा: मूळ एकदा, आपले संपादित एकदा, आणि काय कमी वाटते ते विचारावे. अभियंत्यांनी कॅस्टनेटसाठी जेवढे केले तेवढे आपण धानोऱ्याच्या एका बाईसाठी करायला हरकत नसावी.

माझ्याकडे मूळ नव्हतेच. तरी २०२३ च्या पावसाळ्यानंतर मी उरलेल्या फाइली घेऊन धानोऱ्याला गेलो. त्या बाईंचा नातू आता रिचार्ज आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. त्याने काउंटरवरच्या स्पीकरला फोन जोडून पहिले गाणे लावले. गिऱ्हाइके थांबली. गाणे चांगले ऐकू येत होते; एवढी वर्षे कुरतडत असलेली ती वरच्या पट्ट्यांची पोकळी त्या दुकानात कोणालाही जाणवली नाही, मलाही नाही. तो शेवटपर्यंत हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होता. मग म्हणाला, "सर, मध्येमध्ये ती थांबून आम्हां पोरांना ओरडायची. अंगणात धिंगाणा चालायचा ना आमचा. ते कुठं गेलं?"

ते एन्कोडरने काढले नव्हते. मुक्कामी बसून, रात्री, 'अनावश्यक' म्हणून मीच कापले होते. मी तसे सांगितले. त्याने मान हलवली, गिऱ्हाइकाचे पैसे परत केले, आणि फाइल पहिल्यापासून पुन्हा लावली.